दोन्हीकडून सारखी

बाबा गेल्या महिन्यात गेले. हृदयाचा झटका. भेटायला येणारा जो तो विचारतो, "दातांचं दुखणं बरं झालं होतं ना?" मी मान हलवते. दातांना त्यांच्या काही झालंच नव्हतं. उजव्या टॉन्सिलला कॅन्सर झाला होता, आणि तो खरोखरच बरा झाला होता.

बाबांचं दाढी-कटिंगचं दुकान होतं. सिगरेटचा वास आला की, वस्तरा गळ्यावर असतानाच ते गिऱ्हाइकाला फैलावर घेत. अशा माणसाला घशाचा कॅन्सर! स्वतः त्यांनी कधी सिगरेट हातात धरली नव्हती. "पण कोण विश्वास ठेवणार?" म्हणाले, आणि दातांचं सांगून मोकळे झाले.

डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. गाठ लहान होती, घशाच्या मध्यापासून लांब होती. मानेच्या एकाच बाजूला रेडिएशन पुरेसं होतं. "म्हणजे डावीकडच्या लाळेच्या ग्रंथी वाचतील, तोंड फार कोरडं पडणार नाही. उजवीकडची दाढी मात्र जाईल. कदाचित कायमची."

"अर्धीच?" बाबांनी विचारलं.

"अर्धीच."

बाबांनी डाव्या जबड्याखाली बोट टेकवलं. "इथंही काहीतरी लागतंय."

डॉक्टरबाईंनी चाचपलं, पुन्हा चाचपलं. "मला नाही लागत. पण सोनोग्राफी करू. तिथे असेल, तर दोन्ही बाजू घ्याव्या लागतील."

"घ्या ना," बाबा म्हणाले. जणू पिशव्याच उचलायच्या होत्या.

परतताना बसमध्ये ते खुशीत होते. मला शंका आली.

"बाबा, खरंच लागतं तिथे?"

"दोन्हीकडून गेली की सारखी दिसेल. कुणी विचारणार नाही."

"अहो, रोज दाढी करा की! कोण बघतंय?"

"संध्याकाळपर्यंत डावीकडे खुंट दिसायला लागतात. उजवा गाल तुळतुळीत. माझ्याकडे बघायलाच तर लोक येऊन बसतात. समोर एवढा मोठा आरसा लावलाय मी."

"आणि तोंड सुकलं तर? घास गिळताना दर वेळी पाणी लागेल."

"पिईन पाणी. पाणी पिणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही."

आईला कळल्यावर ती म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांचे कल्ले सारखे केले, आता देवाने केलेलं सारखं करायला निघालेत!" पण त्यांना अडवायचं तिनेही माझ्यावरच सोडलं.

सोनोग्राफीत डावीकडे दाण्याएवढं काहीतरी दिसलं. बहुतेक साधंच असेल, डॉक्टरबाई म्हणाल्या, पण तुम्हाला गिळताना दुखतंय म्हणता, तर सुई घालून बघायला हवं. बाबांनी लगेच हो म्हटलं. आता त्यांना दुखतही होतं. कॉलरचं बटण काढून ते टेबलावर आडवे झाले, मान उजवीकडे वळवून, डोळे मिटून. नर्सने कापसाने जागा पुसली.

"तिथे काही दुखत नाही, डॉक्टर," मी म्हटलं. "बाबांना दाढी दोन्हीकडून सारखी जायला हवी आहे."

नर्स हसली, मग तिने त्याचा खोकला केला. बाबा उठून बसले. कॉलरचं बटण त्यांनी खालच्या काजात घातलं. ते सांगायला पुढे होण्याची माझी हिंमत होईना.

"खरं का हो?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"आमचं तोंड म्हणजे दुकानाची पाटी, बाई," ते जमिनीकडे बघत म्हणाले.

"अर्धी पाटी मला पुसावीच लागणार. उरलेल्या अर्ध्याने जेवा तरी सुखाने."

रेडिएशन एकाच बाजूला झालं. ते संपेपर्यंत बाबा माझ्याशी आईमार्फत बोलले. मी समोर उभी असताना म्हणायचे, "तिला सांग, बस आली." उजवा गाल आधी लाल झाला, मग काळवंडला, मग दाढी झडून तान्ह्या बाळासारखा झाला. दुकान पुन्हा उघडलं त्या दिवशी आईने माझ्या हाती डबा दिला.

खुर्चीतला माणूस आरशातून बाबांना न्याहाळत होता. "काय उस्ताद, गिऱ्हाईक अर्ध्यातच उठून गेलं की काय?"

बाबांचा कंगवा थांबला. आरशातून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलेन याची त्यांना भीती वाटत होती. माझ्या वडिलांना माझी भीती वाटत होती.

"दातांच्या औषधाने झडली हो," मी म्हटलं. "उष्ण पडलं."

"दातांची औषधं फार वाईट," माणूस म्हणाला.

बाबांनी त्याचे कल्ले सारखे करायला घेतले, इकडचा जरा वर, मग तिकडचा, मग पुन्हा इकडचा. शेवटी तोच म्हणाला, "पुरे उस्ताद, आता कान तेवढे उरलेत."

तो गेल्यावर बाबा माझ्याकडे पाठ करून जेवले. सगळा डबा संपवला, पाण्याला हातही न लावता. रिकामा डबा माझ्या हातात देताना त्यांनी वर पाहिलं नाही.

"चांगलं झालं होतं," ते म्हणाले. "आईला सांग."