एक कोयता, एक नोंद

नगरला बसून मी पायथन या संगणकाच्या भाषेत ‘चपळ’ नावाचा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. काम एकच: मोठ्या यादीतल्या दुबार नोंदी चुटकीसरशी काढणं. एका क्रमांकाची पहिली नोंद ठेवायची, दुसरी टाकायची.

पाथर्डीकडच्या एका गावात ऊसतोड मजुरांसाठी कर्करोग तपासणीची गाडी येणार होती. मुकादम भागवतरावांनी वहीतली ४१२ नावं पाठवली. ‘चपळ’ने २०६ केली. बरोबर निम्मी. एवढा सुबक आकडा आला की माणसानं घाबरावं. मी चहा मागवला.

तपासणीला बोलावणाऱ्या २०६ चिठ्ठ्या निघाल्या. शिबिर दुपारी एकलाच आटोपलं, म्हणून माझा सत्कार ठरला. शाल, नारळ. डॉक्टर भाषणात हळहळले, “बाई एकही आली नाही. जागृतीच नाही!”

माझ्या हातातला नारळ जड झाला.

गाडी धूळ उडवत गेली. मांडवाच्या कडेला एक बाई बसून होती. लंकाबाई.

“मावशी, चिठ्ठी नाही आली?”

“आली की. मालकांनी तोंड उघडून दावलं. ठणठणीत हायेत.”

“आणि तुमची?”

“आमी दोघं मिळून एकच कोयता, सायेब. वहीत नंबर एकच हाय. दोन चिठ्ठ्या कशाला येतील?” तिचा हात पदराखाली, काखेपाशी. “गाठ हाय एवढी. दुखत न्हाई म्हना.”

नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हे या जिल्ह्यात शाळकरी पोरालाही ठाऊक. मला तर पन्नास वर्षांपासून ठाऊक.

“आत्ता चला नगरला, माझ्या गाडीतून.”

“आन् भांडीकुंडी कोन बांधंल? पहाटं कारखान्याला जायाचा ट्रक हाय. गुढीपाडव्याला माघारी आल्याव बघू.”

चूक माझी, असं म्हणायला तोंड उघडलं. निघालं ते असं: “सिस्टिमची चूक झाली, मावशी.”

“कोन ती?” लंकाबाई पदर झटकत उठली. “असू द्या. चुकती बिचारी. रागवू नगा तिला.”

घरी येऊन दुरुस्ती केली: क्रमांकाच्या जोडीला नावही तपासायचं. एक ओळ, चाळीस सेकंद. बदलांच्या नोंदीत लिहिलं, ‘किरकोळ दुरुस्ती’.

मग गुढीपाडवा कधी आहे ते पाहिलं. पाच महिने दूर. पुन्हा एकदा पाहिलं. तारीख तीच आली.