बादलीतलं दूध

बळीरामचा श्वास मला कानाने ओळखता येतो. आष्टीच्या तालमीत आम्ही लहानपणापासूनचे जोडीदार. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर, माझा कान त्याच्या छातीलगत, आणि हळद-ताकाने भिजवलेल्या तांबड्या मातीचा आंबूस गंध दोघांच्याही अंगाला. समोरचा धडपडून थकेपर्यंत हा आपला संथ, खोल श्वास घेत स्थिर उभा राही, आणि मग त्याची बोटं मनगटावर अशी बसत की ती सोडवण्याचा विचारच मनातून निघून जाई.

जिल्ह्याच्या निवड चाचणीसाठी तो जालन्याला, एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, नव्या कोचकडे राहायला गेला. त्याच्या आईने, गयामावशीने, म्हशीच्या दुधाची किटली माझ्याकडे दिली. "त्याच्या पोटात बराबर जाऊ दे, मंग ये," म्हणाली.

शेडमधली हवा लोखंडाच्या भुकटीने आणि तापलेल्या रबराच्या वासाने जड झाली होती. कोच हसून म्हणाला, "पी की, बघू किती टिकतं!" बळीरामने उभ्याउभ्याच दूध संपवलं आणि शिट्टी वाजली. टायर उलटणं, दोर आपटणं, उड्या, धावणं, पुन्हा टायर. मध्ये उसंत म्हणून नाही. कोपऱ्यात एक निळी बादली मुद्दाम ठेवलेली होती. तिच्यावर तो वाकला, आणि मावशीने पहाटे काढलेलं दूध फाटून तिच्यात पडलं. कोचने मोबाइल बादलीवर रोखला. "कमजोरी बाहेर पडून राह्यली! टाळ्या!" पोरांनी टाळ्या वाजवल्या.

ओकारी कुणालाही होते. पण त्या टाळ्यांची, बादलीवर रोखलेल्या त्या निर्लज्ज डोळ्याची मला जी किळस आली, ती अजून जिभेवरून गेलेली नाही. अशा तीव्र मेहनतीने दम वाढतो, हे मी नाकारत नाही. बेताने केली, मागून विसावा दिला, तर पहिलवानाला ती लाभतेच. इथे विसावा हीच शिवी होती.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मी पुन्हा शेडमध्ये जाऊन त्याची पकड घेऊन पाहिली. श्वास भक्कम होता. बोटं मात्र भिजल्या सुतळीसारखी सैल. आराम कर म्हटलं, तर तो म्हणाला, "कोच म्हणतेत, आराम कमजोरांसाठी असतो." आणि पुन्हा टायरकडे गेला.

दुसऱ्या दिवशी त्याचा दम शेवटपर्यंत टिकला, हात टिकले नाहीत. समोरच्याने दर वेळी मनगट अलगद काढून घेतलं. "मनानं कच्चा," एवढं बोलून कोचने मोबाइल दुसऱ्या पोराकडे वळवला. त्या माणसाचं तोंड पाहणंही मला नकोसं झालं.

गयामावशी मॅटच्या कडेला बसून होती. बळीराम हरून जवळ आला, तसं तिने विचारलं,

"दूध राह्यलं ना रे पोटात?"

"राह्यलं, माय," बळीराम म्हणाला, आणि माझ्याकडे पाहणं टाळून पायातले बूट सोडू लागला.

आता तो जालन्यातल्याच सळयांच्या कारखान्यात कामाला जातो. आष्टीला आला तरी तालमीच्या वाटेने येत नाही. मावशी दूध डेअरीवर घालते. मला नवा जोडीदार मिळाला आहे, चांगला आहे. तरी पकडीत शिरलो की त्याच्या छातीशी माझा कान काही क्षण थबकतो. माणूस माती झटकून केव्हाच निघून गेलेला असतो, आणि त्याचा श्वास ऐकायची सवय मात्र मातीतच वाट पाहत उभी राहते.