धुण्याच्या दोरीखालून

चेंडू पहिला

ओली चादर तिने दोरीवर टाकली, चिमटे लावले, मागे सरली आणि काठी फिरवली. चेंडू चादरीवरून, कुंपणावरून, थेट शेजाऱ्यांच्या कौलांवर.

"कावळे पाडायचेत का सूनबाई?" पायरीवर बसलेले सासरे म्हणाले. "चादरीखालून म्हटलं होतं मी."

रविवारी गोल्फचा सामना, जोड्यांचा. सातव्या खड्ड्यापाशी वारा तोंडावर येतो, उंच चेंडू उचलून मागे फेकतो. गेल्या वर्षी ती आणि तिचा नवरा तिथेच बुडाले होते.

चेंडू चौथा

"चेंडू मागच्या पायाशी. भार पुढच्या पायावर. मारून झालं की हात कमरेशीच थांबव."

हात थांबेनात. ती रंगारी. ब्रश शेवटी वर उचलायची वीस वर्षांची सवय. चेंडू चादरीत थप्पकन बसला.

"माझी आहे ती चादर!" पाठीत उसण भरून पडलेला नवरा खिडकीतून ओरडला.

"तू पडून राहा. सहाच्या आत दुसरा जोडीदार मिळाला नाही, तर नाव कापणार आहेत माझं."

चेंडू पाचवा ते दहावा

सांगण्यासारखं काही नाही. एक कुंडी गेली.

"बाबा, तुम्हाला हे कसं येतं? तुम्ही तर गोल्फच्या मैदानावर गवत कापायचात."

"चाळीस वर्षं. उंच चेंडू डोक्यावरून जायचे, त्यांचं काय! खालून आला की उडी मारावी लागायची. कोण कसा उभा राहिला की पाय वाचवायचे, ते पाठ झालं."

"एकदा तरी मारलात?"

त्यांनी पायरीवरचा वाळका चिखल नखाने खरवडला. "आम्हाला काठीला हात लावायची मुभा नव्हती तेव्हा."

चेंडू अकरावा

भिंतीच्या तळाशी पट्टी ओढताना ती श्वास धरते; मनगट जागचं हलत नाही. तसाच श्वास धरला. चेंडू चादरीची कडही न हलवता खालून सुटला आणि पलीकडच्या बादलीवर ठण्णकन वाजला.

सासरे पायरीवरून उठून चक्क नाचले. तिने काठी त्यांच्या हातात दिली.

"छे, छे! या वयात?"

काठी मात्र त्यांनी परत दिली नाही.

चेंडू बारावा

चादरीवरून, कुंपणावरून, कौलांवर.

"पडला का कावळा?" तिने विचारलं.

"गप गं. दुसरा दे."

चेंडू तेरावा

उरलेले चेंडू गोळा करायला ती चादरीपलीकडे गेली.

"फोन लाव रे," ती खिडकीकडे बघून म्हणाली. "जोडीदाराचं नाव लिहून घ्या म्हणावं."

"कुणाचं?"

उत्तर द्यायच्या आधी तिला उडी मारावी लागली.