दिवस मावळल्यावर भाकरी नको

सावळीरामचा काटा खोटं बोलत नाही, असं पंचवटीच्या मार्केटात शेतकरीही म्हणायचे आणि व्यापारीही म्हणायचे. दोघांचं एका गोष्टीवर एकमत होणं हे त्या मार्केटात नवलच. एका कांदा-बटाट्याच्या वखारीत सावळीराम बावीस वर्षं मापाडी होता. गोणी काट्यावर चढायच्या आधीच तो तिच्याकडे नुसतं बघून वजन सांगायचा, आणि काटा मागाहून त्याला दुजोरा द्यायचा. याचा त्याला अभिमान होता, जरा जास्तच होता. माणसाला एखादं काम चांगलं जमायला लागलं की सगळं जग त्याच मापाने मोजावं असं वाटायला लागतं. सावळीरामचं तसंच झालं होतं.

त्याला एकुलती एक मुलगी, गौतमी. वीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, वस्तीतल्या बालवाडीत पोरांना गाणी शिकवणारी. हसरी, कामाला वाघ आणि अंगाने चांगली भरलेली. तिच्या आईला, विमलाबाईला, त्यात काही वावगं दिसत नव्हतं. खात्यापित्या घरची पोरगी काडीसारखी कशाला असेल, असं ती म्हणायची. पण पोरगी बघायला येणाऱ्यांचे डोळे आईचे नसतात. त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात दोन स्थळं आली, चहा-पोहे खाऊन गेली आणि पुन्हा फिरकली नाहीत.

तिसरं स्थळ एकलहऱ्याचं. मुलगा वीज केंद्रात कायम नोकरीला, राहायला क्वार्टर, घरात नळाचं पाणी. असं स्थळ मापाड्याच्या दारात चालून येतं म्हणजे नशीबच. मुलाची आई भिमाबाई तोंडाची फटकळ होती, पण मनाची वाईट नव्हती. पोहे संपवून तिने सरळच सांगितलं, "पोरगी आमाला पसंत हाय. पण अंगानं लय हाय. माझ्या पोराशेजारी हुबी केली तर त्याची थोरली बहीण वाटंल. बुद्धजयंतीपतुर वजन उतरवा, मग साखरपुडा करू."

तीन महिने हातात होते. गोणीतून दोन पसे कांदे काढून टाकले की वजन उतरतं. माणसाचं तसं नसतं. सावळीराम दोन दिवस विचार करत होता, आणि तिसऱ्या दिवशी त्याचं लक्ष वखारीच्या शेठकडे गेलं. शेठ पासष्टीचे, जैन, अंगाने सडसडीत, दिवस मावळल्यावर तोंडात काही न घालणारे. सावळीरामने विचारल्यावर ते सहज म्हणाले की रात्रीचं धान्य पचत नाही, अंगावर बसतं. ते स्वतः धर्म म्हणून पाळत होते, वजनासाठी नाही. आणि त्यांच्या घरच्या शेठाणीबाईही तितक्याच नेमाने दिवसाउजेडी जेवायच्या, तरी त्यांना गादीवरून उठायला दोन माणसांचा हात लागायचा. सावळीराम दर आठवड्याला भाजी पोचवायला त्या घरी जायचा, बाईंना बघायचा. पण आपल्याला हवं तेवढंच बघायचं म्हटलं की दोन डोळेही जास्त होतात.

त्या संध्याकाळपासून घरात नियम झाला. सकाळी आणि दुपारी पोटभर खायचं. दिवस मावळला की भाकरी नको, भात नको, बटाटाही नको. पातळ वरण नाहीतर ताक पिऊन झोपायचं.

हे सांगायला सोपं होतं. पण दिवसभर राबणाऱ्या घरात खरं जेवण रात्रीचंच असतं. दिवेलागणीला विमलाबाई चुलीशी बसायची, भाकऱ्या थापायची, आणि तव्यावरची पहिली भाकरी लहानपणापासून गौतमीची असायची. आता त्या वेळेला गौतमी उठून शेजारच्या सुलाबाईच्या ओट्यावर जाऊन बसायची. भाजल्या भाकरीचा वास सोसत नाही, असं तिने सुलाबाईला सांगितलं होतं. आईबापाला तिने तसं कधी म्हटलं नाही.

दर शनिवारी दुपारी, लिलाव उरकले की, गौतमी डबा घेऊन वखारीत यायची आणि कांद्याच्या गोणी जिथे चढतात त्या काट्यावर उभी राहायची. हमाल गालातल्या गालात हसायचे, ती मान खाली घालायची. पहिल्या शनिवारी अडुसष्ट किलो भरली. दुसऱ्या शनिवारी साडेसदुसष्ट. तिसऱ्या शनिवारी पुन्हा अडुसष्ट. पोरगी चोरून खाते की काय असा सावळीरामला संशय आला, आणि दुरडीतल्या भाकऱ्यांवर लक्ष ठेव म्हणून त्याने बायकोला बजावलं.

मार्च सरत आला आणि काटा हलला. सहासष्ट. मग साडेत्रेसष्ट. मग साठ. सावळीरामचा आनंद त्या वखारीत मावेना. ज्याला त्याला तो सांगत सुटला की सांजेची भाकरी बंद करा, बाकी काही करू नका. हमालांपैकी काळूने हे मनावर घेतलं आणि आपल्या बायकोची, बयाबाईची, रात्रीची भाकरी बंद केली. पंधरा दिवसांनी तिला काट्यावर उभं केलं तर पाव किलोचा फरक नव्हता. बया चोरून खात असणार, असं म्हणून सावळीरामने तो विषय मिटवला. त्याचा काटा खोटं बोलत नव्हता, तेव्हा बाईच खोटं बोलत असणार.

घरात मात्र विमलाबाईला काहीतरी टोचत होतं. पाण्याचा माठ दुपारीच तळाला जायला लागला होता. गौतमी तांब्यावर तांबे पाणी प्यायची आणि घडीघडी मोरीत जायची. मोरीच्या कडेला मुंग्यांची रांग लागायची. विमलाबाई त्या रांगेवर हळद टाकायची, दुसऱ्या दिवशी रांग तिथेच. इथे कोणी गोड सांडत नाही, मग मुंग्या कशाला येतात, ते तिला कळेना. शिवाय पोरीची भूक वाढली होती. दुपारी पाच पाच भाकऱ्या खायची आणि तरी तिच्या परकराची नाडी आणखी आवळावी लागायची.

विमलाबाईने हे सगळं नवऱ्याच्या कानावर घातलं. त्यावर सावळीराम म्हणाला की चैत्रातल्या उन्हात पाणी कोण पीत नाही? आणि दुपारी पाच भाकऱ्या खाऊनही वजन उतरतंय, म्हणजे सगळा दोष सांजेच्याच भाकरीचा होता, हे आता सिद्धच झालं. विमलाबाईने दवाखान्याचं नाव काढलं, तेव्हा मात्र तो चिडला. पोरीला दवाखान्यात नेल्याचं भिमाबाईला कळलं तर? आजारी पोरगी म्हणून एकदा बोभाटा झाला की मग वजन उतरून काय करायचं? बुद्धजयंती होऊ दे, साखरपुडा होऊ दे, मग कुठेही ने.

साठवलेल्या कांद्यात घट येते. चांगला कांदाही वाळतो, त्याचं वजन उतरतं. पण घट एकदम मोठी आली की सावळीराम गोणी फोडायला लावायचा, कारण तेव्हा आत सड लागलेली असते. बावीस वर्षांत यात त्याची चूक झाली नव्हती. कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने हे सांगितलं असतं. आणि स्वतःच्या पोरीची घट बघून हा माणूस वखारीत पेढे वाटत होता. राग येतो त्याचा. पण त्याच्या डोळ्यांपुढे एकलहऱ्याचं क्वार्टर होतं आणि नळाखाली भांडी घासणारी आपली लेक होती, हेही खरं.

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत दरवर्षी गौतमी सगळ्यात पुढे नाचायची. त्या वर्षी ती दहा पावलं चालली आणि रस्त्याच्या कडेला बसली. पांढऱ्या साडीत ती इतकी बारीक दिसत होती की लांबच्या नातेवाईक बायकांनी तिला ओळखलं नाही, आणि ओळखल्यावर तिचं कौतुक केलं. रात्री घरी आल्यावर विमलाबाई सणाचं म्हणून तिच्या पुढ्यात ताट ठेवू लागली. गौतमीने ताटाला हात लावला नाही. तिने बापाकडे बघितलं.

"आप्पा, आज एक भाकरी खाऊ? अर्धी तरी?"

"सव्वा महिना राहिलाय, बाई," सावळीराम प्रेमानेच म्हणाला. "मग जन्मभर खा."

त्या शनिवारी ती त्रेपन्न किलो भरली. काट्यावर चढताना तिने काळूच्या खांद्याचा आधार घेतला.

पुढच्या मंगळवारी ती बालवाडीत गेलीच नाही. सकाळपासून पोट दुखत होतं, दोनदा उलटी झाली होती. विमलाबाई आल्याचं पाणी देत होती, तेही ठरत नव्हतं. सावळीराम दिवेलागणीला घरी आला, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. कपाळाला हात लावायला तो वाकला, आणि तिच्या तोंडाचा वास त्याच्या नाकात शिरला. गोडसर, आंबूस. मार्केटात जन्म घालवलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. द्राक्षांच्या हंगामाच्या शेवटी, क्रेटच्या तळाशी राहिलेले मणी असेच वास मारतात.

"द्राक्षं खाल्लीस?" त्याने विचारलं.

"नाय आप्पा."

"तोंडाला वास येतोय. टाकून दिलेली नासकी द्राक्षं उचलून खाल्लीस, म्हणून पोट दुखतंय."

"पाण्याबिगर काय नाय पोटात," गौतमी म्हणाली. ती धापा टाकत होती, एवढं बोलतानाही तिला थांबावं लागलं.

सावळीरामने विश्वास ठेवला नाही. दोन महिन्यांच्या तपावर पाणी पाडलंस, असं तो तिला बोलला. भिमाबाईला काय तोंड दाखवू, असंही बोलला. सांगून काही उपयोग नाही हे कळलं की गौतमी लहानपणापासून अशीच गप्प व्हायची. विमलाबाई मध्ये पडली तेव्हा तो हात धुऊन जेवायला बसला. पोरगी निजल्या जागेवरून त्याच्याकडे बघत होती, हे त्याला नंतर आठवलं.

सकाळी ती उठेना. हाका मारल्या तर डोळे अर्धे उघडायची, पुन्हा मिटायची. खूप लांबून पळत आलेल्या माणसासारखा तिचा श्वास चालला होता, आणि खोलीभर तो द्राक्षांचा वास होता. काळूने रिक्षा आणली. सावळीरामने तिला उचललं. बावीस वर्षांची सवय, हातांनीच वजन सांगितलं. पन्नासही नव्हतं.

सरकारी दवाखान्यात त्यांनी लगेच सुया टोचल्या, सलाईन लावलं, रात्रभर धावपळ केली. कोणी हयगय केली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गौतमी गेली. मध्ये एकदाही तिने डोळे उघडले नाहीत.

विमलाबाईला सुलाबाईने बाहेर झाडाखाली नेऊन बसवलं. कागदांवर अंगठा द्यायला सावळीराम एकटा आत गेला. डॉक्टर तरुण होते, दमलेले होते, पण त्यांनी त्याला स्टूल दिलं. पोरगी किती दिवस बारीक होत होती, असं त्यांनी विचारलं. सावळीरामने सगळं सांगितलं. शनिवार न् शनिवारची वजनं सांगितली. एकही आकडा चुकला नाही. पाणी, मोरीतल्या मुंग्या, दुपारच्या पाच भाकऱ्या, तोंडाचा वास. सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला.

डॉक्टर म्हणाले की हा साखरेचा आजार. तरुण वयात झाला की खाल्लेलं अंगाला लागत नाही, लघवीवाटे निघून जातं, आणि माणूस झरझर वाळतं. तो वासही आजाराचाच होता, द्राक्षांचा नव्हता.

सावळीरामने विचारलं, "साहेब, सांजची भाकरी मी बंद केली व्हती. त्यानं झालं का?"

डॉक्टरांना वाटलं, या माणसाच्या मनावरचं ओझं उतरवावं. ते म्हणाले, "नाही हो. भाकरीचा काही संबंध नाही. रात्री दिली असती तरी वजन असंच उतरलं असतं. त्याचा दोष लावून घेऊ नका. पंधरा दिवस आधी आणायला हवी होती, एवढंच."

सावळीरामने मान हलवली, अंगठा दिला आणि बाहेर आला.

तिला पोचवून आले तेव्हा दिवस मावळला होता. अशा घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी भाकरी आणतात, आणि घरच्यांनी त्यातला कडू घास खायचा असतो. सुलाबाईने पिठलं-भाकरी आणली होती. तिने दोघांपुढे ताटं ठेवली. पाहुण्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या.

विमलाबाईने ताटाकडे बघितलं नाही. डॉक्टर काय म्हणाले, असं तिने विचारलं. सावळीरामला खोटं सांगता आलं असतं. देवाची मर्जी, आयुष्यच तेवढं, असं लोक सांगतात, तसं काहीही. पण त्याने सगळं खरं सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, वासाचं सांगितलं, पंधरा दिवसांचं सांगितलं. शेवटी म्हणाला, "भाकरीचा काय संबंध नव्हता म्हणं. दिली काय, न दिली काय."

विमलाबाईने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं.

"मग माझ्या पोरीला दोन महिने उपाशी कशापायी निजवलं?"