कुणाच्याच नात्यातली नसलेली खानावळ

नस्तरनला गावात एक अशी खानावळ हवी होती, जिच्या मालकाचं तिच्या दोन्ही भावांशी नातं, ओळख किंवा भांडण यातलं काहीच नसेल. इराणातल्या यझ्दमध्ये असं काही शोधणं म्हणजे वाळूत मासा शोधणं. चौकातल्या गच्चीवरच्या कबाबवाल्याकडे जावं, तर तो थोरल्या करामतचा लष्करातला दोस्त. करामतच्या ताटात कबाब जास्त पडणार आणि धाकटा फर्शीद ते मोजत बसणार. जुन्या हवेलीतल्या हॉटेलात जावं, तर तिथला मॅनेजर फर्शीदच्या बायकोचा मावसभाऊ. आणि बाजारातल्या त्या नावाजलेल्या आचाऱ्याचं तर नावच नको. वडील गेल्यावर चाळिसाव्या दिवशीचं जेवण त्यानेच रांधलं होतं, आणि सगळं बिनसलं ते त्याच जेवणात.

फर्शीदच्या सासरची माणसं त्या दिवशी अर्दकानहून आली होती आणि त्यांना दाराजवळ, जोड्यांच्या ढिगाशेजारी बसावं लागलं. करामत म्हणाला, गर्दी होती. फर्शीद म्हणाला, मुद्दाम बसवलं. आमच्याकडे माणसाला शिवी दिलेली एकवेळ चालते, दाराशी बसवलेलं चालत नाही. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून दोघांनी एकमेकांच्या घरचं मीठ चाखलेलं नव्हतं.

आता नस्तरनच्या नवऱ्याची बदली बंदर अब्बासला झाली होती. आई, इस्मतबीबी, आजवर लेकीकडेच राहिली होती, पण तिथली दमट हवा तिच्या दम्याला सोसणार नाही, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं. दोन्ही मुलगे तिला न्यायला तयार होते. म्हातारीच तयार नव्हती.

"एकाकडे राहायला गेले की दुसरा त्या दारात पाय ठेवणार नाही," ती नस्तरनला म्हणाली. "दोघं एकमेकांच्या घरी जायला लागणार असतील, तर येते. नाहीतर वृद्धाश्रमात खोली सांगून ठेवली आहे. बाहेर कुठेतरी दोघांना एकत्र जेवायला बोलाव; नाही जमलं तर जेवण झालं की मला थेट तिथे सोड. आणि त्यांना यातलं अक्षर कळता कामा नये. माझ्या धाकाने गोड बोलले तर ते काय कामाचं?"

नस्तरन कात्रीत सापडली. बोलायची सोय नाही आणि गप्प राहावं तर आई जाते.

शेवटी तिला मोनीरबाई सापडली. बाई मूळची केरमानची, विधवा, बोलघेवडी. विणकरांच्या आळीत तिने नुकतीच खानावळ काढलेली आणि यझ्दमधल्या कुठल्याच घराशी तिचा संबंध नाही. नस्तरनने आदल्या दिवशी जाऊन अंगणातली लाकडी बैठक हौदाच्या कडेला ओढून घेतली, म्हणजे दारापासून सगळ्याच जागा सारख्या अंतरावर आल्या.

"मानाची जागा कुठली ठेवू?" मोनीरबाईने विचारलं.

"कुठलीच नको. तेवढ्यासाठीच तर तुमच्याकडे आले."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती आईला घेऊन आधीच येऊन बसली. सगळा विचार केला होता, फक्त दाराचा करायचा राहिला होता. दोन्ही भाऊ एकाच वेळी उंबऱ्यापाशी पोचले.

"चल, आत हो," करामत म्हणाला.

"तुमच्याआधी? छे! तुम्ही मोठे आहात."

"आज तू पाहुणा. हो पुढे."

"दादा, मेलो तरी नाही."

ऊन असं की भिंतीला हात लावला तर चटका बसावा. दोघांच्या सदऱ्यांच्या पाठी भिजल्या, पण आदर काही कमी होईना. शेंडी तुटो की पारंबी तुटो, दोघंही हलणार नव्हते. मागे एक अख्खं कुटुंब ताटकळत उभं होतं. त्यातले आजोबा वैतागून म्हणाले, "अहो, तुमचं प्रेम आत जाऊन करा! इथे आमचं भरीत होतंय." तेव्हा कुठे दोघं खांद्याला खांदा घासत एकदमच आत शिरले.

जेवण सुरू झालं. शूलीचं आंबटसर, दाट सूप आलं, मग मटण आणि चण्यांचं गेयमे आलं, भात आला. कुणी आवाज चढवला नाही, आणि त्याचीच नस्तरनला धास्ती वाटत होती. भांडणारी माणसं समेट करतात, इतकी अदबीने वागणारी करत नाहीत. "मीठ देतोस का?" "हे घ्या." फर्शीद थोरल्या भावाला चक्क अहोजाहो करत होता.

भाताच्या तळाची खरवड आली. सोनेरी, कुरकुरीत, अख्खी. लहानपणी याच खरवडीवरून दोघांची डोकी फुटायची. करामतने थाळी फर्शीदपुढे सरकवली. फर्शीदने ती परत सरकवली. ती पुन्हा इकडे आली, पुन्हा तिकडे गेली. शेवटी इस्मतबीबीने ती दोन्ही हातांनी मोडली, एकेक तुकडा एकेकाच्या ताटात टाकला आणि म्हणाली, "गिळा."

दोघं हसले, अगदी थोडंसं. नस्तरनच्या जिवात जीव आला.

त्या हसण्याचाच धीर घेऊन की काय, करामत ताटाकडे बघत म्हणाला, "उद्या घरी ये जेवायला. मुलांना आण."

नस्तरनने चमचा खाली ठेवला.

"कशाला वहिनीला त्रास, दादा," फर्शीद म्हणाला.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडे पहिल्या बोलावण्याला हो म्हणतो तो हावरा आणि दुसऱ्याला म्हणतो तो उतावळा. तिसऱ्यांदा आग्रह झाला की मग मान हलवायची.

"त्रास कसला? ये."

"नको दादा. खरंच नको."

हे 'खरंच'सुद्धा रिवाजातलंच होतं. पण करामतने वर पाहिलं नाही. सहा वर्षांनी तोंड उघडलेल्या माणसाला रिवाज कुठला आणि नकार कुठला, हे कळेनासं होतं. तो बोटं पुसत राहिला. फर्शीद वाट बघत राहिला. नस्तरन मनातल्या मनात ओरडत होती, विचार, अजून एकदा विचार! तिला ते मोठ्याने म्हणता येत नव्हतं. बहिणीने वदवून घेतलेलं आमंत्रण आमंत्रण राहत नाही.

आणि नेमकी मोनीरबाई चहा घेऊन आली. "चव कशी होती? चणे नीट शिजले होते ना? आमच्या केरमानला बाई जिरं जास्त घालतात..." बाईची टकळी थांबेचना. ती एकदाची गेली, तेव्हा करामत उठून उभा राहिला होता.

"निघतो. दुकान उघडायचंय."

"चल नस्तरन," इस्मतबीबी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "आपल्यालाही उशीर होतोय."

नस्तरनने आईला दंडाला धरून उठवलं. हाताला जेमतेम हाडं लागत होती. आपणच हिला परक्यांच्या ताब्यात देऊन येणार, या विचाराने तिला भडभडून आलं. पण शब्द दिला होता.

करामत जोडे घालून दारापर्यंत पोचला.

"दादा."

फर्शीद एकाच पायात जोडा घालून उभा होता. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

"काय?"

"तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं तुझं."

आसपासच्या बैठकांवरचे घास हातातच थांबले. असलं वाक्य आमच्याकडे भिकारीसुद्धा बोलत नाही.

"तू खरंच नको म्हणालास," करामत म्हणाला.

"म्हणायचं असतं ना ते!" फर्शीदचा आवाज फाटला. "सहा वर्षं थांबलोय मी, आणि तू दोनदाच विचारून जोडे घालतोस?"

करामत माघारी आला. त्याने भावाची मान धरून त्याला जवळ ओढलं. "गाढवा," तो म्हणाला, "उद्या कशाला? आज रात्रीच ये. ये म्हणतोय ना, ये. अजून कितीदा म्हणू?"

"बस झालं आता," फर्शीद त्याच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाला. "येतो."

इस्मतबीबी पुन्हा बैठकीवर टेकली. तिने गार झालेला चहा तोंडाला लावला.

"नस्तरन, त्या वृद्धाश्रमाला फोन लाव. म्हणावं, म्हातारी येत नाही. ज्याला लेकरं नाहीत अशा कुणाला तरी द्या ती खोली."

दोन्ही भाऊ एकदम वळले. "कुठली खोली?" करामतने विचारलं. फर्शीदला मात्र कळलं. तो तसाच, एका पायात जोडा घातलेला, आईच्या पायाशी खाली बसला.

नस्तरनने नंबर लावला. पलीकडची बाई कोण बोलतंय, कोण बोलतंय म्हणून विचारत राहिली, आणि नस्तरन डोळे पुसत म्हणाली, "म्हातारी येत नाही."