अठ्ठेचाळीस दिवसांचा नवस

आमच्या कारखान्यात उशिरा यायला दोनच कारणं चालायची. कंपनीची बस बंद पडली, नाहीतर देवाचं काही काम निघालं. माझ्याकडे तिसरं कारण होतं आणि ते मी पर्समध्ये घडी घालून ठेवलं होतं. डॉक्टरांचं पत्र. संधिवात आहे, पूर्ण बरा होणार नाही, सकाळी हातपाय दोन-तीन तास आखडलेले राहतात, कामाची वेळ उशिराची द्यावी. हे पत्र मी पुण्याच्या नोकरीत दाखवलं होतं. तिथल्या साहेबांनी फार गोड आवाजात "आराम करा हो, रुचिरा" म्हटलं आणि महिन्याभरात मला खरोखरच घरी आरामाला बसवलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. चेन्नईत आल्यावर पत्र पर्समधून बाहेर काढलं नाही.

कारखाना गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत. इंजिनात बसणाऱ्या लोखंडी पिना तिथे बनायच्या आणि मी त्या मोजायची. पीन केसाएवढी जरी जाड निघाली तरी बाजूला. मला हे काम आवडायचं, आणि बढाई मारत नाही, यायचंही. फक्त सकाळी आठला यायचं नाही. आठला माझी बोटं मिटायची नाहीत, मग मायक्रोमीटर कुठला धरता? चुकीचं मोजण्यापेक्षा उशिरा गेलेलं बरं, म्हणून मी पावणेसातची कंपनीची बस सोडून द्यायची आणि एन्नोरवरून जाणारी लोकल पकडायची.

उशिरा येण्याचेही नियम होते. महिन्यातून दोनदा तासाभराची 'परमिशन', त्यापुढे मेमो, तिसऱ्या मेमोला रामराम. दोन हजार सहाच्या जुलैपर्यंत माझे दोन मेमो झाले होते. कुणी म्हणेल, कंपनीच्या डॉक्टरला का नाही सांगितलं? त्यांच्या फॉर्मवर दोनच चौकोन होते, फिट आणि अनफिट. 'दहानंतर फिट' असा चौकोन छापायचं कुणाला सुचलं नव्हतं.

जुलैअखेरच्या एका सकाळी पाय एवढे सुजले होते की सेफ्टी शूज सोडाच, चपलेचा पट्टाही सहन होईना. स्टेशनवर उतरल्यावर चपला काढून पिशवीत टाकल्या आणि चालत सुटले. अंगात पिवळा ड्रेस होता, कारण तेवढा एकच वाळला होता. नेमका आडी महिना चालू. इकडे हा देवीचा महिना, अर्धं शहर पिवळं नेसून अनवाणी देवळात जातं. माझ्या हे ध्यानीमनीही नव्हतं. साडेनऊला गेटवर पोचले तर समोर बालाजीराव.

बालाजीराव आमचे पर्सोनेल ऑफिसर. मेमो तेच द्यायचे. तंजावरचे मराठे, घराणं तीनेकशे वर्षं तमिळ मुलखात, त्यामुळे त्यांची मराठी जुन्या दप्तरातल्या पत्रासारखी. माझ्याशी ती बोलायला मिळते याचा त्यांना कोण आनंद! त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, ड्रेसकडे पाहिलं आणि हातातला कागद खाली घेतला.

"वेंडुदल?" त्यांनी विचारलं, मग मराठीत, "नवस केलांत काय, अम्मा?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. शप्पथ. पण त्यांच्या हातातला कागद मेमोच होता. "हो," म्हटलं.

"मंडलम?"

मंडलम म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस. इकडे नवस तेवढ्याचा असतो.

"हो."

"मग आधीं सांगावें की नाही? सकाळीं कोविलांत दर्शन घेऊन येईतों दहा वाजणारच." आणि तिथेच भिंतीला कागद टेकवून त्यांनी अठ्ठेचाळीस दिवस दहाची परमिशन लिहून दिली. कसला नवस, ते विचारलंही नाही.

पुढचे दिवस मी देवीची माणूस झाले. गेटवरचा वॉचमन हात जोडायचा. माझ्याच टेबलावर बसणारी शशिकला, जी एरवी पाठीची एकुलती एक खुर्ची मला सोडत नव्हती, ती खुर्ची पुसून द्यायला लागली. माझा संताप संताप व्हायचा. अरे, दुखतंय म्हणून कण्हणाऱ्या बाईला स्टूल आणि अनवाणी चालणारीला खुर्ची! वर डब्यातला बांगडा बंद. कोल्हापूरच्या बाईनं अठ्ठेचाळीस दिवस सांबार-भातावर काढले, हे कुणाला सांगू नका. एक दिवस शशिकलेनं हळूच विचारलं, माझ्या मुलीच्या ॲडमिशनसाठीही देवीला सांगाल का? मी सांगते म्हटलं, आणि बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. लाज वाटली मला. फार लाज वाटली.

पण दहाला बोटं मिटत होती आणि एकही पीन चुकली नाही. तेवढंच मला हवं होतं.

तिसाव्या दिवसापासून मी दिवस मोजायला लागले. नवसाला शेवट असतो. माझ्या दुखण्याला नव्हता, हे मी त्या गेटवर विसरले होते.

एकोणपन्नासाव्या दिवशी चारला उठले, बादलीभर कढत पाण्यात हातपाय बुडवून बसले, आणि कशीबशी बस पकडली. अनवाणीच, कारण पायात चपलाही जाईनात. आठला दहा मिनिटं होती. गेटवर बालाजीराव ताट घेऊन उभे होते. ताटात नारळ, मल्लीचा म्हणजे मोगऱ्याचा गजरा, आणि खाली जमिनीवर माझे सेफ्टी शूज, लॉकरमधून काढून चक्क पॉलिश केलेले. शशिकला आणि शिफ्टच्या चार बायका बाजूला.

"मंडलम पुरें जाहलें," बालाजीराव म्हणाले. "आतां पादत्राण घाला, मग आंत चला."

मी पाय घातला. अर्ध्यावर अडकला. हसून म्हटलं, आत जाऊन घालते. पण त्या माणसाला वाटलं, मी त्यांच्यासमोर वाकायला संकोचते आहे. सत्तावन्न वर्षांचा गृहस्थ ताट शशिकलेकडे देऊन खाली बसला आणि शूजची नाडी सैल करायला लागला. घोट्याला त्यांचा हात लागला तशी मी ओरडले. त्यांनी पाय पाहिला. मग वर माझ्या बोटांकडे पाहिलं.

"हें केव्हांपासून?"

"चार वर्षं."

"नवस ह्याचाच होता काय?"

आता खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "नवस नव्हताच, सर. सकाळी हात चालत नाहीत. तुम्ही नवस म्हणालात, मी हो म्हटलं."

ते उठले. चेहरा लाल झाला होता. "देवीच्या नांवानें खोटें बोललांत?"

"बोलले. खरं सांगितलं असतं तर सही केली असती तुम्ही?"

गेटमधून माणसं आत जात होती. बालाजीरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही."

भोंगा झाला. शशिकला ताट तसंच धरून माझ्याकडे बघत होती. तिच्याकडे बघण्याची माझी हिंमत झाली नाही. बालाजीराव म्हणाले, "ऑफिसांत या," आणि पुढे चालू लागले. मला वाटलं, झालं, तिसरा मेमो.

खोलीत त्यांनी आधी मला बसवलं. मी पर्समधलं पत्र काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग माझं तपासणीचं रजिस्टर मागवलं आणि अठ्ठेचाळीस दिवसांची पानं एकेक करून उलटली. लाल खूण एकही नव्हती, ते मला ठाऊकच होतं. शेवटी त्यांनी परमिशनचा कोरा फॉर्म ओढला. कारणाच्या रकान्यात संधिवात लिहिलं. वेळेपुढे दहा ते साडेसहा. आजच्या तारखेपासून. 'पर्यंत'च्या रकान्यावर पेन थांबलं.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"ते डॉक्टरलाही माहीत नाही. रिकामं ठेवा."

"रिकामें ठेविलें तर वरती जाईल. वरती गेलें की मेडिकल, आणि मेडिकलचे दोन चौकोन तुम्हांस ठाऊक आहेत. तारीख असली की माझी सही पुरते." त्यांनी जरा विचार केला आणि लिहिलं, एकतीस मार्च दोन हजार नऊ.

"ही कसली तारीख?"

"माझी रिटायरमेंट. तोंवर मी आहें. पुढचें पुढें."

अडीच वर्षं. मी मनात मोजून पाहिली. त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला, खाली माझी सही हवी होती. मी पेन उचललं, ते बोटांतून निसटून टेबलावर घरंगळलं. पुन्हा उचललं, पुन्हा निसटलं. घड्याळात सव्वाआठ झाले होते.

बालाजीरावांनी पेन उचलून खिशाला लावलं. "राहूं द्या," ते म्हणाले. "दहाला या आणि करा."