शेवटच्या शर्यतीनंतरचा रविवार

शर्यत संपली. आता चर्चा.

शहादेव :

मन्मथ :

मी : माझं म्हणणं, टायर बदलायला गाडी लई लवकर आत घेतली.

सटवा :

शहादेव :

नावांपुढची जागा चुकून कोरी राहिलेली नाही. माणसंच नाहीत. शहादेव ऊस तोडायला गेला, सटवा उसाला गेला. मन्मथने किराणा दुकान उचलून बीडला नेलं. गिऱ्हाईक नसलेल्या गावात तराजू कुणासाठी लावू, म्हणाला. उरलो मी, त्रिंबक, दूध संस्थेचा सचिव. संस्थेत दूध नाही. दुष्काळात जनावरं काही चारा छावणीत गेली, काही बाजारात. पण कुलपाची किल्ली माझ्याकडे आहे आणि आत टीव्ही आहे.

टीव्ही चांगल्या सालातला. सभासदांना बाजारभाव दिसावेत म्हणून ठराव करून घेतलेला. बाजारभाव कुणी पाहिले नाहीत. एका रविवारी दूध घालायला आलेल्या सटवाने चॅनेल फिरवता फिरवता परदेशातली मोटारींची शर्यत पाहिली आणि रिकामी किटली हातात धरून ओरडला, "अय, ह्यो कावून त्याच्या मागं चिटकून चाललाय बे? घाल की पुढं!"

तेव्हापासून.

ड्रायव्हरांची परदेशी नावं जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही आपली दिली. आमच्या संघात दोन ड्रायव्हर. पहिला मोहनराव. वडवणी-बीड एसटीवर त्या नावाचे ड्रायव्हर होते. त्यांनी कधी कुणाला मागे टाकलं नाही आणि कधी कुणाला घासलं नाही. हाही तसाच. दुसरा जावई. नवे टायर आधी त्याला, नवं इंजिन आधी त्याला. आणि कानाला हेडफोन लावून, बसल्या जागेवरून दोघांना हुकूम सोडणारा तो चेअरमन. का, ते सहकारात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

सटवा मोहनरावाचा माणूस. एकदा मी म्हणालो, मोहनराव पावसात कच्चा आहे, तर पठ्ठ्या आठवडाभर दूध घालायला स्वतः आला नाही, बायकोला पाठवलं.

*

उसाच्या फडात टीव्ही कुठला. म्हणून शर्यत मी बघायची, संपली की सटवाने फोन करायचा, मी सांगायचं आणि मग भांडायचं. असं ठरलेलं.

शेवटच्या आधीच्या शर्यतीला आमचं जोरात चालू होतं. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला होता. भांडताना मला दोन्ही हात मोकळे लागतात. दारात सटवाची आई उभी. भिवराबाई.

"सटवाच हाय का त्यो?"

"त्योच. या काकू, बोला." मी फोन पुढे केला.

तिने हात पदरात ओढून घेतले. "न्हाई न्हाई. तुमचं चालू द्या."

आणि उपड्या कॅनवर बसली. टायर, पेट्रोल, वळण, चेअरमनचा नालायकपणा, सगळं ऐकलं. फोन बंद झाल्यावर म्हणाली, "माझ्यासंगं बोलतो तवा, माय जेवलीस का, टँकर आला का, ठिवतो. झालं. आज केवढं बोलला रं. भांडलासुदिक."

जाता जाता विचारलं, "पुन्हा कवा हाय हे?"

*

पुन्हा म्हणजे वर्षातली शेवटची शर्यत. त्या संध्याकाळी ती माझ्या आधी येऊन पायरीवर बसलेली.

मोहनराव पुढे होता. मागे जावई. त्याच्या मागे कुणी नाही, लांबपर्यंत. म्हणजे भीती कुणाचीच नव्हती. तरी चेअरमनचा हुकूम आला: सोड त्याला.

मोहनरावाने सोडलं. सरळ रस्त्यावर, सगळ्यांदेखत, गाडी डाव्या अंगाला घेऊन.

मी रिकाम्या कॅनला लाथ घातली. खोलीत कॅनचाच आवाज घुमत राहिला. दुसरं कुणी शिवी दिली नाही. शहादेव असता तर त्याने रिमोट फेकला असता. मन्मथ म्हणाला असता, "अरे रिमोट संस्थेचा हाय."

भिवराबाई दचकली होती. "काय झालं? पडला का कोण?"

"न्हाई काकू. कुणी न्हाई पडलं."

फोन आला.

"बोल," सटवा म्हणाला. आवाज पार बसलेला.

"मोहनराव पुढं होता, मागं जावई. त्याच्या मागं कुणीच न्हाई."

"हं."

"चेअरमन म्हणला, जावयाला जाऊ दे."

"दिलं?"

"दिलं."

"बरं."

बरं! सटवा! मी फोनकडे बघत राहिलो.

"उसाची गाडी भरायची राहिली हाय," तो म्हणाला. "हात उचलंना आता. ठिवतो."

भिवराबाईने गुडघ्यावर हात ठेवला, उठायला. तिचा चेहरा तसाच होता, नुसता पदर सारखा केला.

"बरोबरच केलं चेअरमननं," मी म्हणालो.

तिकडून, "काय?"

"बरोबर केलं म्हणलं. मोहनराव काय, बैलगाडी हाकतोय. जावयात दम हाय."

"त्रिंबक, पेलास का बे?"

"टायर कुणाचे झिजले होते? मोहनरावाचे. मग?"

"झिजणारच! त्याला जुने टायर कुणी दिले? तुझ्या बानं? पुढं कोण होता? मोहनराव. मागून कोण येत होतं? कोणी न्हाई. मग कावून सोडायचं? सांग की! बोल!"

"संघाचा ईचार करावा लागतो."

"संघ! तुझा संघ घाल चुलीत! वर्षभर गाडी वढली मोहनरावानं, अन् फोटोला जावई?"

मागून कुणीतरी हसलं, कुणीतरी सटवाला हाक मारली. "आलो रं, थांब," तो तिकडे ओरडला आणि परत माझ्यावर आला. मी जावयाची बाजू लढवत राहिलो. एका शब्दावर माझा विश्वास नव्हता. असल्या माणसाला मी संस्थेत पाणीदेखील विचारलं नसतं. भिवराबाई पुन्हा कॅनवर टेकली होती. फोनकडे बघत होती, जसं चुलीकडे बघतात.

शेवटी तो म्हणाला, "तुझ्यासंगं बोलण्यात अर्थ न्हाई," आणि ठेवला. खुशीत होता.

"आता पुढली कवा?" तिने विचारलं.

"आता संपलं काकू. पुढल्या मार्चात."

"मार्चात." तिने तो शब्द जरा वेळ तोंडात धरला. "तवर पट्टा पडंल की. कारखाना बंद झाला की येतेलच समदे."

"येतेलच."

मी दिवा घालवला. अंधारात ती एकटी नको म्हणून कोपऱ्यापर्यंत गेलो. सगळ्या दारांना कुलपं.

*

रविवार. शर्यत नाही.

तरी मी कार्यालय उघडलं. कशाला, ते विचारू नका. घरी बसून तरी काय.

टीव्हीवर खरोखरच बाजारभाव चालू होते. भिवराबाई आली. केस विंचरलेले, हातात बसायला पोत्याचा तुकडा. मार्च म्हणजे कधी हे तिला चांगलं ठाऊक आहे. ती पोतं अंथरून बसली. थोड्या वेळाने पडद्याकडे बघून म्हणाली, "संपली का?"

तूर, हरभरा, सोयाबीन.

"संपली," मी म्हणालो. "आत्ताच."

या वेळी फोन मी लावला. बराच वेळ वाजला.

"आज काय बे?" सटवा.

"आजची शर्यत सांगायची होती."

तिकडे कोयत्याला धार लावल्याचा आवाज येत होता. तो थांबला. शेवटची शर्यत गेल्या रविवारी झाली हे आख्ख्या जिल्ह्यात ज्या चार माणसांना माहीत, त्यातला एक तो होता.

"स्पीकरवर हायस?"

"हाय."

"कोन कोन हाय तिथं?"

मी भिवराबाईकडे पाहिलं. तिने नकारार्थी बोट हलवलं.

"आमी. नेहमीचेच."

फोन कट झाला की काय म्हणून मी वाकून पाहिलं. चालू होता.

सटवा : मोहनराव कितवा आला?

मी : तिसरा.

सटवा : तिसरा? कावून तिसरा? टायर कवा बदलले त्या चेअरमननं?

मी : लई लवकर.

सटवा : आरं त्याला कळतंय का काही! मी सांगतो तुला काय झालं आसंल...

शहादेव :

मन्मथ :

भिवराबाई : (हाताने खूण. आवाज वाढव.)